पणजोबांच्या तुरुंगवासाचा कागद कुठे शोधावा? (निजामकाळ, परभणीकडचं गाव)

गोदाकाठी
राम राम मंडळी. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

आमचं गाव परभणी जिल्ह्यात, गोदावरीपासून कोसभर. पणजोबा निजामाच्या तुरुंगात होते असं घरात लहानपणापासून ऐकत आलोय. 1938 चा सत्याग्रह. दर 17 सप्टेंबरला झेंडावंदन उरकून घरी आलो की थोरले चुलते ही गोष्ट सांगणार आणि शेवटी ठरलेलं वाक्य टाकणार, "कागद नव्हता म्हणून पेन्शन गेली." वडील (आम्ही अण्णा म्हणतो, वय 81) या गोष्टीत कधी भर घालत नाहीत, खोडतही नाहीत.

आता मुलीला शाळेत घराण्याच्या इतिहासाचा प्रकल्प दिलाय. ती विचारते, "कोणत्या जेलात? किती दिवस?" मला काही सांगता येईना. तर निजामकाळातले कोर्टाचे, तुरुंगाचे कागद आता कुठे असतात? सत्याग्रहींची नावं तेव्हाच्या वर्तमानपत्रांत येत म्हणतात, ते अंक कुठे बघायला मिळतील? एका रेकॉर्ड रूमला दोन चकरा झाल्या. पहिल्या वेळी साहेब नव्हते. दुसऱ्या वेळी साहेब होते, किल्लीवाला नव्हता.

चहाटळ
तिसऱ्या वेळी दोघंही असतील, दार नसेल. शुभेच्छा.

मोडीवेडी
आधी लिपीचं बघा. आपल्याकडे सावकाराची खातेवही, पटवाऱ्याचे जुने कागद मोडीत सापडतात. पण सरकारी कारभार 1880 च्या दशकापर्यंत फारसीत होता आणि पुढे उर्दूत. म्हणजे 1938 च्या तुरुंगाची नोंदवही मिळाली तरी ती उर्दूत असणार, तीही घाईच्या लफ्फेदार हातात, ज्याला शिकस्ता म्हणतात. ती वाचणारा माणूस आधी शोधा, कागद नंतर. मी उलटं केलं होतं. चार महिने नकला सांभाळत बसले.

कापूसकोंड्या
2023 पासून मराठा-कुणबी नोंदी शोधणाऱ्या शिंदे समितीमुळे मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना सोन्याचे दिवस आलेत. आमच्या तालुक्यात एक आजोबा आहेत, आधी त्यांना कोणी चहा विचारत नव्हतं. आता गाडी पाठवून नेतात. बाकी नोंदी शोधायच्याच आहेत तर कुणबी पण बघून घ्या, 2 सप्टेंबर 2025 चा जीआर

संपादक मंडळ
कापूसकोंड्या, तुमचा पुढचा मजकूर उडवला आहे. आरक्षणावर तीन धागे चालू आहेत, तिकडे जावे. इथे पणजोबांना शोधू द्या.

काळा_कोट
मी दिवाणी वकिली करते, वीसेक वर्षं झाली. जरा सविस्तर लिहिते, कारण लोक चुकीच्या दारात उभे राहतात आणि मग व्यवस्थेला शिव्या देतात.

साल आधी समजून घ्या. निजामाच्या कागदांवर फसली साल असतं. हैदराबाद राज्यात ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आजर महिन्यापासून बदलायचं. ऑक्टोबर ते डिसेंबरमधला कागद असेल तर फसलीत 590 मिळवा, जानेवारीनंतरचा असेल तर 591. पोलीस ॲक्शन झाली तो सप्टेंबर 1948 म्हणजे 1357 फसलीचा शेवट. तुमचा 1938 अखेरचा सत्याग्रह 1348 फसलीत पडेल. रेकॉर्ड रूममध्ये जाऊन "1938 चं काढा" म्हणालात तर कारकून प्रामाणिकपणे सांगेल की नाही. रजिस्टरवर 1938 लिहिलेलंच नसतं.

दुसरं, गाव तेव्हा कुणाचं होतं? दिवाणी म्हणजे थेट सरकारी गाव असेल तर कागद तालुका-जिल्ह्याच्या साखळीत असतात. जहागिरीचं, पायगेचं (निजामाच्या बड्या सरदार घराण्याचं) किंवा सर्फ-ए-खासचं, म्हणजे निजामाच्या खाजगीतलं असेल तर दप्तर वेगळं. 1949 ला जहागिरी गेल्या तेव्हा ती दप्तरं सरकारात जमा व्हायची होती. काही झाली, काही उंदरांनी जमा करून घेतली.

तिसरं, दाव्याची मिसल, म्हणजे फाईल, आख्खी कायम राहत नाही. मिसलीचे भाग पाडतात आणि किरकोळ कागद मुदतीनंतर नष्ट करतात. दाव्यांचं रजिस्टर आणि निकाल त्यामानाने टिकतात. म्हणून मिसल मागण्याआधी रजिस्टर बघायचा अर्ज करा. वरच्या कोर्टात गेलेलं प्रकरण असेल तर आपली हायकोर्टाची वाट तेव्हा हैदराबादलाच जात होती. औरंगाबादचं खंडपीठ 1981 चं. राज्य पातळीचे जुने कागद हैदराबादला तारनाक्याच्या अभिलेखागारात आहेत.

सत्याग्रहाची शिक्षा फौजदारी. त्या मिसली दिवाणीपेक्षा लवकर जातात. आशा ठेवा, पण गाडीभाडं जपून खर्च करा.

उदगीरची_लेक
वकीलताईंच्या यादीत एक राहिलं. जिल्हासुद्धा तेव्हाचा बघायचा. आमचं उदगीर, तसंच निलंगा आणि अहमदपूर 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. मग उस्मानाबादेत आले आणि 1982 ला लातूर झालं. माझ्या काकांनी लातुरात दोन वर्षं शोधलं, आजोबांचं वाटणीपत्र निघालं बीदरला. तिथल्या माणसाने कानडीत सांगितलं, काकांनी मराठीत ऐकलं, कागद उर्दूत. तरी काम झालं.

तुळजापूरकर
कोर्टाच्या नादी कामून लागता? त्र्यंबकेश्वरी, नाशकात उपाध्यायांच्या वह्या आहेत. गाव आणि आडनाव सांगा, सात पिढ्या वाचून दाखवतात. आमच्या कुळात कोण कधी कुणाच्या अस्थी घेऊन आलं ते सगळं आहे. खाली सही, नाहीतर अंगठा.

मोडीवेडी
@तुळजापूरकर वह्या उत्तमच, पण त्यात तीर्थाला गेलेल्यांचीच नावं. ज्याच्याकडे गाडीभाडं नव्हतं तो वहीत नाही. आणि बायका? "मातोश्री" म्हणून येतात, पुष्कळदा नावाशिवाय.

तुळजापूरकर
कोर्टात तरी कोण येतं? भांडणारेच. ज्यानं आयुष्यभर कुणाशी वाद घातला नाही, त्याचा कागद कुठंच नाही. माझा आज्जा तसा होता. सातबारा सोडला तर त्याचं नाव फक्त आमच्या पितळी घागरीवर आहे.

जुना_अंक
वर्तमानपत्रांच्या प्रश्नाकडे कोणी वळलंच नाही, मी वळतो. 

निजामी मुलखात मराठी पत्रं हाताच्या बोटांवर. हैदराबादेतून 'निजाम विजय' निघायचं. आ. कृ. वाघमाऱ्यांचं 'मराठवाडा' साप्ताहिक 1937 चं. निजाम सरकार बंदी घालायचं आणि हे नाव बदलून पुन्हा अंक काढायचे. त्यामुळे ग्रंथालयाच्या यादीत नुसतं 'मराठवाडा' शोधून "मधले अंक नाहीत" असा निष्कर्ष काढू नका. मधले अंक दुसऱ्या नावाखाली बांधलेले असू शकतात. उर्दूत 'रहबर-ए-दक्कन' वगैरे होती, पण ती सत्याग्रहींचं कौतुक कशाला छापतील? सरकारी राजपत्र होतं, त्याला जरीदा म्हणत. त्यात जप्त्या, नेमणुका, जाहीरनामे येत.

माझ्याकडे त्या काळातल्या सत्याग्रही तुकड्यांच्या नावांची काही कात्रणं आहेत. गोदाकाठी, पणजोबांचं नाव आणि त्यांच्या वडिलांचं नाव मला व्यनि (खाजगी निरोप) करा. फक्त आडनावावर भिस्त ठेवू नका. पुष्कळ याद्यांत नाव, वडिलांचं नाव आणि गाव एवढंच असतं.

रिकामटेकडा_जालना
वर्तमानपत्रांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आमच्या आजोबांचा मी लावलेला एकमेव ऐतिहासिक शोध म्हणजे साठच्या दशकातली एक जाहीर नोटीस. "माझी पत्नी माझ्या संमतीविना माहेरी गेली असून तिच्याशी कोणीही देण्याघेण्याचा व्यवहार करू नये, केल्यास मी जबाबदार नाही." मी हसून बेजार. मग पुढच्या आठवड्याचा अंक सहज चाळला तर आजीची नोटीस! "सदर इसमाने माझे स्त्रीधन गहाण टाकले असून त्याच्याशी कोणीही व्यवहार करू नये." दोन्ही नोटिसांवर वकील एकच.

आणि हो, यानंतर त्यांना तीन मुलं झाली. माझे वडील त्यातले दुसरे.

चहाटळ
तो वकील खरा घराण्याचा शिल्पकार.

काळा_कोट
पुराव्याशिवाय आमच्या व्यवसायाची बदनामी नको. फी दोघांकडून घेतली असेल, एवढंच.

पाटलाचा_नातू
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. हे उकरून काय मिळतं? आमच्याकडे एका चुलत भावाने असंच उत्साहाने दप्तर काढलं. पणजोबांनी सख्ख्या भावाच्या विधवेला पोटगीसाठी सहा वर्षं कोर्टात फिरवलं होतं असं निघालं. त्या बाईची नातवंडं शेजारच्याच गल्लीत राहतात. इतकी वर्षं लग्नाकार्यात जाणं-येणं होतं, आता बंद आहे. सांगीव गोष्ट असते ती बरी असते. तीवर सगळ्यांचं एकमत झालेलं असतं.

मोडीवेडी
एकमत झालेलं होतं ते तुमच्या घरात. त्यांच्या घरात तीच गोष्ट वेगळी सांगत असणार. तुम्हाला कागदावरून कळलं, त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं.

पाटलाचा_नातू
हे मात्र खरं. त्यांच्या म्हातारीने एवढंच म्हटलं होतं, "आत्ता वाचलं का तुम्ही?"

उर्दूवाला_मास्तर
नांदेडला जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेतून निवृत्त झालो. हल्ली दुपारचा वेळ लोकांचे कागद वाचण्यात जातो. पैसे घेत नाही. चहा घेतो.

वाचणाऱ्यासाठी दोन सूचना. घाईच्या लिखाणात नुक्ते गळतात आणि काफ-गाफमधली वरची रेघ कारकून खुशाल सोडून देतो. त्यामुळे कोंडिबा आणि गोंडिबा, दोन्ही वाचता येतात. बाबू की बापू, नुक्ते मोजल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून एका नावावर विसंबू नका, वल्द म्हणजे वडिलांचं नाव आणि साकिन म्हणजे राहणार कुठला, तिन्ही जुळले तरच आपला माणूस समजा.

लोक माझ्याकडे बहुतेक जमिनीचे कागद आणतात, मुंतखब म्हणजे इनामाच्या हक्काचे दाखले, विरासतीचे म्हणजे वारसाचे हुकूम. वाचून दाखवले की खूश होऊन जातात. आमचं मूळ गाव उस्मानाबादकडचं. 1948 च्या सप्टेंबरनंतर तिकडे मुसलमानांवर काय गुदरलं ते सुंदरलाल समितीच्या अहवालात आहे, कोणाला वाचायचं असेल तर. आजोबा दोन मुलं घेऊन रात्रीतून निघाले आणि नांदेडच्या नातलगांकडे आले. त्या गावचा कागद मी अजून मागितलेला नाही. दुसऱ्यांचे वाचतो.

गोदाकाठी
मास्तर, काय बोलावं कळत नाही. तुमचं मन झालं तर मी सोबत येईन, गाडी माझी.

माझ्याकडून नवीन एवढंच: आजीच्या लोखंडी ट्रंकेत उर्दू नक्कल आहे, हैदराबाद स्टेटचं तिकीट लावलेली. आम्ही ती जमिनीचा कागद समजून नागपंचमीच्या धुवाधुवीत दर वर्षी उन्हात टाकतो आणि परत ठेवतो. फोटो मास्तरांना पाठवले आहेत.

उर्दूवाला_मास्तर
पहिलं पान वाचलं. पाणी लागलेलं आहे, तरी नाव, वल्द, साकिन तुम्ही सांगितलेलेच. साल 1341 फसली, महिना फरवर्दी. वर मथळ्यात इजराय. एकीकडे डिक्रीदार, दुसरीकडे मदयून. मदयून म्हणजे तुमचे पणजोबा. खाली ओळीओळीने खुराक लिहिलंय, रोजी तीन आणे, हाली सिक्का म्हणजे निजामाचं नाणं. दुसरं पान रात्री बघतो, डोळ्यांत थेंब घालायचेत.

कापूसकोंड्या
खुराक म्हणजे जप्तीची जनावरं! कर्जापायी बैल जप्त केले की त्यांच्या चारापेंडीचा खर्च लावतात. पणजोबांची बैलजोडी गेली असणार.

रिकामटेकडा_जालना
रोजी तीन आणे म्हणजे बैल चांगले असणार.

तुळजापूरकर
किंवा पैलवान. आमच्याकडे खुराक पैलवानाला लागतो.

जुना_अंक
1341 फसली म्हणजे 1931-32. सत्याग्रहाला अजून सहा वर्षं आहेत. जगभर मंदी, कापसाचे भाव कोसळलेले, सारा मात्र तेवढाच. कर्जाचं प्रकरण असणं अगदी शक्य आहे.

माझी कात्रणं पण तपासली. नाव सापडलं! पण वडिलांचं नाव वेगळं आणि गाव दुसऱ्या तालुक्यातलं. मास्तरांच्या कसोटीला उतरत नाही. माफ करा.

काळा_कोट
थांबा, बैल नाहीत.

इजराय म्हणजे डिक्रीची अंमलबजावणी. मदयून म्हणजे ज्याच्यावर डिक्री झाली तो ऋणको. आणि हा खुराक माणसाचा आहे. याला दिवाणी कैद म्हणतात. डिक्रीचे पैसे न देणाऱ्याला डिक्रीदार पकडून आणवू शकतो, पण कैदेत असेपर्यंत त्याच्या जेवणाचा भत्ता डिक्रीदारानेच आगाऊ कोर्टात भरायचा. ब्रिटिश मुलखातल्या 1908 च्या दिवाणी संहितेत हीच तरतूद आहे, आजही ती कायद्यात आहे. भत्ता भरणं थांबलं की कैदी सुटतो. कर्ज मात्र सुटत नाही, ते उभंच.

गोदाकाठी, तुमचे पणजोबा तुरुंगात होते हे शंभर टक्के खरं आहे.

चहाटळ
म्हणजे सावकाराने पैसेही दिले आणि वर जेवायलाही घातलं??

रिकामटेकडा_जालना
बीडला बोगस स्वातंत्र्यसैनिकांचं केवढं प्रकरण झालं होतं. तुमच्या घरचे निदान अस्सल जेलात जाऊन आले.

उर्दूवाला_मास्तर
ताईंचं बरोबर आहे. दुसरं पान वाचलं. डिक्री एकशे चाळीस रुपयांची. खुराक अडतीस रोजांचा जमा, सात रुपये दोन आणे. शेवटची ओळ जशी आहे तशी देतो: "खुराक दाखिल न होने की वजह से मदयून रिहा।" खाली मुन्सिफांची सही. 

कापूसकोंड्या
एकशे चाळिसासाठी सात रुपये घालवले आणि मग सावकारालाच परवडेना. लई भारी.

पाटलाचा_नातू
हसा खुशाल. पण आता त्या 81 वर्षांच्या माणसाला सांगणार का, हा खरा प्रश्न आहे. आणि चुलत्यांना? सतरा सप्टेंबर तोंडावर आलाय. माझं मत, कागद परत ट्रंकेत ठेवा.

मोडीवेडी
माझं मत उलट. मंदीच्या सालात कर्ज फेडता न येणं हा काय गुन्हा आहे? लपवायचं काय त्यात? तेव्हा निम्मा मराठवाडा मदयून होता.

पाटलाचा_नातू
गुन्हा नाही हो. पण सत्याग्रही आणि कर्जबुडवा यात गावाला फरक वाटतो, तुम्हाला नसेल वाटत.

तुळजापूरकर
मालक कुठं गेले? नऊ दिवस झाले.

गोदाकाठी
आहे, आहे. गावी गेलो होतो.

चुलते घरी नव्हते. अण्णांना ओसरीवर बसवून सगळं वाचून दाखवलं, मास्तरांनी लिहून दिलं होतं तसं. डिक्री, खुराक, तीन आणे, सगळं. ते ऐकत होते, मधे एकदा चष्मा पुसला. मला वाटलं आता काहीतरी बोलतील, तर म्हणाले, "अडतीस का? आज्जा महिना म्हणायचा."

मग थोड्या वेळाने आपणहून बोलले. आज्जा नातवांना सांगायचा म्हणे, की जेलात रोज भात मिळायचा. आमच्या घरात भात सणाला शिजायचा, तोही पाव्हण्यांच्या पंगतीला. आज्जा त्या भाताची चव सांगताना रंगून जायचा. "तवाच मला वाटलं होतं," अण्णा म्हणाले, "सत्याग्रह्यांना कोण भात घालतंय?" 

मी विचारलं, मग चुलते सांगतात ते? तर म्हणाले, बहात्तरच्या दुष्काळात केंद्राच्या पेन्शनीचा फॉर्म आला होता. घरात दाणा नव्हता, दोघे भाऊ खडी फोडायला जात होते. थोरल्याने कुणाकडून तरी तो फॉर्म भरून आणला, तारखा-बिरखा सगळं टाकून. म्हाताऱ्याने अंगठा दिला नाही. कामून, ते कोणी विचारलं नाही. फॉर्म घरात पडून राहिला आणि त्यात लिहिलेली गोष्ट मात्र पुढे चालू राहिली.

चुलत्यांना अजून सांगितलेलं नाही. अण्णा म्हणतात, "त्याला सांगू नको. त्यानं ती माझ्यासाठीच लिहिली होती." 

मुलीने प्रकल्पात "कारण: कर्ज. मुक्काम: 38 दिवस. जेवण: भात" असं लिहिलंय. बाईंनी शेरा मारलाय, अधिक माहिती जोडावी.

चहाटळ
आज काही सुचत नाही.

काळा_कोट
त्या एकशे चाळीस रुपयांचं पुढे काय झालं? कैदेनंतर डिक्री जिवंत राहते म्हणून विचारते. जमीन गेली का?

गोदाकाठी
ताई, अण्णांना माहीत नाही. पण आमच्या मळ्याला लागून चार एकर आहे, तिला घरात सगळे अजून "सावकाराचं" म्हणतात. मी आजपर्यंत ते आडनाव समजत होतो.

उर्दूवाला_मास्तर
त्या गटाचं 1954-55 चं खासरा पत्रक काढा, तेव्हा जमीन कुणाकडे होती ते त्यात कळेल. काढलंत की फोटो पाठवा. आणि गाडीचं म्हणाला होतात, दिवाळीनंतर बघू.

नवा_सभासद_किनवट
सर्वांना नमस्कार. धागा वाचला. आमच्याकडे आजोबांच्या नावाचे असेच तीन कागद आहेत, एकावर इजराय लिहिलंय असं एकाने सांगितलं. किनवट तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होतं, तर रजिस्टर कुठे बघावं? मास्तरांचा चहा मी आणतो.